'पर्याय' मोजायचे कसे? एका गाजलेल्या पेपरचं केळशीहून वाचन

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना मी एक सवय लावून घ्यायला सांगते. एखादा पेपर आवडला, की तो आपल्या ओळखीच्या एका गावात नेऊन बघायचा. तिथे तो टिकतो का, कुठे अडतो, ते पाहायचं. आज तेच करूया. गाव आहे दापोली तालुक्यातलं केळशी, माझ्या मावशीचं. पेपर आहे कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररमण यांचा. २०१५ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आलेला हा पेपर शाळा निवडीवरच्या चर्चेत हमखास पुढे केला जातो.

आधी पेपर काय म्हणतो ते नीट समजून घ्या. आंध्र प्रदेशातल्या पाच जिल्ह्यांतली १८० गावं घेतली. सरकारी शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या वाटेवर असलेल्या मुलांच्या पालकांकडून खासगी शाळेच्या व्हाउचरसाठी अर्ज मागवले. मग दोन वेळा चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी गावांची: ९० गावांत व्हाउचर द्यायचं, ९० गावांत नाही. दुसरी चिठ्ठी व्हाउचरच्या गावांतल्या अर्जदार मुलांची.

दोनदा कशासाठी? इथे जरा थांबा, कारण पेपरचं खरं बळ इथेच आहे. एकाच गावातल्या जिंकलेल्या आणि हरलेल्या मुलांची तुलना केली, तर एक शंका उरते. हुशार सोबती खासगी शाळेत निघून गेल्यामुळे मागे राहिलेल्यांचं नुकसान झालं असेल तर? मग फरक खोटाच मोठा दिसेल. पण ज्या गावांत व्हाउचर दिलंच नाही, तिथले अर्जदार तुलनेला हाताशी असले की हे नुकसान वेगळं तपासता येतं. त्यांनी तपासलं आणि तसं नुकसान सापडलं नाही.

मुख्य निष्कर्ष असा: चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाल्या आणि बिनव्हाउचरवाल्या मुलांत फरक दिसला नाही. खासगी शाळा या दोन विषयांना कमी वेळ देत होत्या आणि इतर विषयांना जास्त. हिंदीत व्हाउचरवाली मुलं पुढे होती. आणि खासगी शाळेत दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. 'तेवढंच शिक्षण, कमी पैशात' हे वाक्य इथूनच निघतं.

आता केळशीला चला. गावाच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला भारजा नदीची खाडी, खाडीपलीकडे मंडणगड तालुका. वाड्या विखुरलेल्या. तालुक्याचं गाव दापोली, एसटीने तासाहून अधिक. पेपर इथे दोन ठिकाणी अडतो.

पहिली जागा म्हणजे नमुना. प्रयोगातल्या गावांत खासगी शाळा आधीपासून होती, ती अटच होती. शिवाय व्हाउचरमध्ये फी, पुस्तकं, गणवेश सगळं होतं, पण गावाबाहेरच्या शाळेत जायचा प्रवासखर्च नव्हता. यात लेखकांची चूक नाही, त्यांचा प्रश्नच 'गावात दोन्ही शाळा असताना काय होतं' हा होता. चूक वाचणाऱ्याची होते, जेव्हा तो तिथलं उत्तर एका वाडीत एकच शाळा असलेल्या मुलुखात आणून लावतो. तिथे निवडीचा मोठा खर्च फी हा नसतो, रस्ता हा असतो. आणि नेमका तोच प्रयोगाबाहेर राहिला आहे.

दुसरी जागा म्हणजे खर्चाचा आकडा. दर मुलामागचा खर्च हा भागाकार आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. ६० मुलं असली तर दोन पगार ६० ने भागायचे, आठ असली तर आठने. वाडीतली शाळा 'महाग' दिसते, कारण छेद लहान आहे. शिक्षक वाईट शिकवतो की चांगलं, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही.

हे नुसतं पुस्तकी भांडण नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. राज्यात तेव्हा अशा शाळा चौदा हजारांवर होत्या. एकत्र आल्यावर मुलांना सोबती मिळतात, विषयाला शिक्षक मिळतो, हे खरंच आहे. पण पहिलीतल्या मुलीला आषाढात किती चालावं लागेल, हे पटाच्या आकड्यात कुठेच नाही.

मग अंतर मोजूया, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी मर्यादा आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी क्यूजीआयएसमध्ये तीन किलोमीटरची वर्तुळं काढली आणि आत येणारं सगळं 'पोहोचण्यासारखं' धरलं. केळशीच्या वर्तुळाचा मोठा भाग अरबी समुद्रात गेला आणि खाडीपलीकडची वस्ती मात्र आत आली. नकाशा मावशीला दाखवला. ती म्हणाली, "पलीकडचं गाव दिसतं इथून. पण पोरं काय पाखरं आहेत गो?" माझे दोन महिन्यांचे तक्ते पुन्हा करावे लागले.

याच वर्तुळाचा एक उलटा वापरही बघा. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने ठरवलं, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट. म्हणजे जवळ सरकारी शाळा असणं, हेच गरीब मुलाचा दुसरा पर्याय काढून घेण्याचं कारण झालं. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. एका त्रिज्येवर किती मुलांचं नशीब टांगलेलं असतं, ते यातून कळतं.

तर माझं मत असं. पेपर उत्तम आहे, रचना शिकण्यासाठी जरूर वाचा. पण 'खासगी स्वस्त, म्हणून छोट्या सरकारी शाळा नकोत' हे त्यातून निघत नाही. केळशीसारख्या ठिकाणी वाडीतली शाळा बंद झाली, तर मुलाचे पर्याय वाढत नाहीत. असलेला एक कमी होतो.

तुमच्या प्रस्तावात 'शैक्षणिक पर्याय' हा शब्द आला, तर मार्गदर्शकांनी विचारायच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. मोजलेलं अंतर सरळ रेषेचं आहे की पायवाटेचं? ते कुठल्या ऋतूतलं आहे? आणि ज्या गावात पर्यायच नाही, ते गाव तुमच्या नमुन्यात आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर हरकत नाही. फक्त निष्कर्षाच्या पहिल्या ओळीत तसं लिहा, शेवटच्या पानावरच्या 'मर्यादा' या मथळ्याखाली नको. तिथपर्यंत धोरण आखणारे वाचत नाहीत.