‘पारदर्शक ॲल्युमिनियम’ : एका लाडक्या दृश्याची तपासणी

चिखलीला भरलेल्या एका विज्ञान प्रदर्शनात एका तक्त्यापुढे मुलांची बरीच गर्दी होती. तक्त्यावर लिहिले होते : ‘पारदर्शक ॲल्युमिनियम – चित्रपटाने भाकीत केले, विज्ञानाने खरे केले! कोणतीही गोळी रोखणारे अभेद्य चिलखत.’ सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आमच्या घरच्या पातेल्यातून आरपार का दिसत नाही मग?” तक्ता करणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही. दोष त्याचा नव्हता. त्याने वाचलेल्या लेखातही ते उत्तर नसावे.

तो चित्रपट म्हणजे 1986 सालचा ‘स्टार ट्रेक 4’. भविष्यातून आलेला अभियंता स्कॉटी देवमाशांसाठी टाकी बांधायला निघतो. ॲक्रिलिकच्या कारखानदाराला तो विचारतो : 60 फूट बाय 10 फूट भिंतीला 18,000 घनफूट पाण्याचा दाब सोसायचा असेल तर जाडी किती लागेल? उत्तर येते, 6 इंच. स्कॉटी म्हणतो, मी 1 इंचात भागवतो.

दृश्य गमतीदार आहे, पण प्रश्नच सदोष आहे. द्रवाचा दाब त्याच्या आकारमानावर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. पेनटाकळी धरणाचे पाणी मागे किती लांबवर पसरले आहे याच्याशी भिंतीवरील दाबाला कर्तव्य नाही. भिंतीपाशी ते किती खोल आहे ते महत्त्वाचे. टाकी 10 फूट खोल धरली, तर तळाशी पाण्यामुळे येणारा दाब सुमारे 0.3 वातावरण इतकाच भरतो. 18,000 हा आकडा उदाहरणात निव्वळ पाहुणा आहे.

आता उत्तर तपासू. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी सहाव्या हिश्शावर आणली की ताठपणा 216 पटींनी घटतो. ॲलॉन हा पदार्थ ॲक्रिलिकपेक्षा सुमारे 100 पट ताठ आहे. म्हणजे निम्मी मजलही गाठली जात नाही. मोडण्याच्या ताकदीचा हिशोब जाडीच्या वर्गाने होतो. तेथे 36 पट बळकट पदार्थ हवा; ॲलॉन तीन-चार पटच आहे. वजन मात्र खरोखर निम्म्यावर येते. स्कॉटीला पूर्ण नापास करता येणार नाही, पण पैकीच्या पैकी गुणही देता येणार नाहीत.

‘भाकीत’ हा शब्द तर सरळ खोडावा. मॅकॉली आणि कॉर्बिन यांचा पारदर्शक ॲलॉनवरील शोधनिबंध 1979 साली, म्हणजे चित्रपटाआधी सात वर्षे, प्रसिद्ध झाला होता.

नावही फसवे आहे. ॲलॉन हा धातू नाही. तो ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचे संयुग आहे. पातेल्यातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाश परतवतात. ॲलॉनमध्ये असे इलेक्ट्रॉन नसतात. मग चिनी मातीच्या कपातून का दिसत नाही? तेथे प्रकाश सूक्ष्म पोकळ्यांवर आणि निरनिराळ्या कणांच्या सीमांवर विखुरतो. कागदावर तेलाचा थेंब टाका : तंतूंमधील हवेची जागा तेल घेते आणि कागद अर्धपारदर्शक होतो. ॲलॉनची भुकटी दाबून, सुमारे 2000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून या पोकळ्या जवळजवळ नाहीशा करतात. शिवाय त्याचे स्फटिक घनीय असल्याने प्रकाश कणाकणाशी वाकडा होत नाही.

‘अभेद्य’ या शब्दाने सर्वांत मोठे नुकसान होते. चिलखती काच एकसंध नसते. पुढचा कठीण थर गोळी बोथट करतो, फोडतो आणि स्वतःही तडकतो. मधले थर ऊर्जा पसरवतात. मागचा चिवट पॉलिकार्बोनेट कपचे अडवतो. हे सारे थर चिकटवलेले असतात. पुढे ॲलॉन घातले की जाडी व वजन बरेच घटते; पण किंमत काचेच्या कित्येक पट होते. त्यामुळे ‘कोणती गोळी, किती अंतरावरून, किती वेळा?’ हे विचारल्याशिवाय चिलखताबद्दलचे कोणतेही विधान अपुरे आहे. ‘अभेद्य’ या शब्दावर विसंबून कुणी प्रत्यक्ष गोळीसमोर उभा राहील, हे तक्ता लिहिताना ध्यानात असावे.

‘आधी सैन्यासाठी, मग जनतेसाठी’ असा क्रमही तक्त्यावर बाणांनी दाखवला होता. इतिहास इतका सरळ नाही. फ्रेंच रसायनज्ञ बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेत 1903 साली एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळलेला होता. त्यातून थरांची काच आली. पहिल्या महायुद्धात ती वायुमुखवट्यांच्या डोळ्यांना बसली आणि पुढे मोटारींच्या पुढच्या काचांमध्ये रुळली. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे स्फटिक, म्हणजे कृत्रिम नीलम, महागड्या घड्याळांच्या तबकड्यांवर असते. ॲलॉनच्या खिडक्या क्षेपणास्त्रांच्या अवरक्त संवेदकांपुढे बसवतात.

तक्ता काढून टाकावा असे मी म्हणणार नाही. मुलांना विषय आवडला, हे मोठेच काम झाले. फक्त उद्गारचिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह घालावे आणि त्या मुलीचा पातेल्याचा प्रश्न सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहावा.