रोगाचा नकाशा

आरोग्य आणि स्थळ यांच्या संबंधाची चर्चा करणाऱ्या वाङ्मयांत लंडनचे डॉ. जॉन स्नो यांच्या पटकीवरील ग्रंथाचें स्थान अढळ आहे. १८५५ सालच्या दुसऱ्या आवृत्तींतील सोहो भागाचा नकाशा ज्यानें पाहिला नाहीं असा या शास्त्राचा विद्यार्थी विरळा. परंतु या कीर्तीनेंच ग्रंथावर अन्याय केला आहे. नकाशा लक्षांत राहिला. त्यामागील विचार मागें पडला.

घाणीपासून उठणारी दूषित हवा रोग उत्पन्न करते, हा त्या काळचा रूढ सिद्धांत. थेम्सच्या पातळीहून वस्ती जसजशी उंच तसतसे पटकीचे मृत्यु कमी, असें विल्यम फार यांनीं १८५२ सालीं आंकड्यांनिशीं दाखविलें होतें. आंकडे खरे, अर्थ मात्र चुकला. निव्वळ नकाशानें हा वाद मिटणें शक्य नव्हतें. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोंवतीं दाटलेले मृत्यु दूषित हवेच्या पुरस्कर्त्यांनींही आपल्याच बाजूस ओढले असते.

स्नो यांचें खरें बळ अपवादांत आहे. पंपाजवळच्या निराश्रितगृहांत ५३५ माणसें असून पटकीनें पांचच दगावलीं. कारण त्या गृहाची विहीर स्वतंत्र होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा आवडीनें त्याच पंपाचें पाणी मागवीत असे, ती मेली. दक्षिण लंडनचा पुरावा याहून निर्णायक. तेथें एकाच रस्त्यावरून दोन कंपन्यांचे नळ गेले होते. १८५४ च्या सांथींतील पहिल्या सात आठवड्यांत शहराच्या मैल्यानें दूषित झालेलें पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागें ३१५ मृत्यु झाले. नदीच्या वरच्या अंगाचें पाणी देणारीच्या ३७. हवा एक, जमीन एक; नळ मात्र निराळे.

स्थळ म्हणजे केवळ जमिनीचा तुकडा नव्हे, तर दूरवर पसरलेल्या संबंधांचें जाळें, असें प्रतिपादन आजचे कित्येक भूगोलज्ञ करतात. त्याचें बीज येथें स्पष्ट दिसतें. उणीव एकच. आपल्या घरीं कोणत्या कंपनीचें पाणी येतें हें बहुतेकांस ठाऊक नव्हतें. त्यामुळें तुलना निर्दोष झाली, याचेंच स्नो यांस समाधान. परंतु ज्या अज्ञानानें तुलना निर्दोष झाली, त्याच अज्ञानानें तीं माणसें मेलीं. अमुक वस्तीच रोगट, असा शिक्का मारण्यापूर्वीं तिचा नळ कोणाच्या हातीं आहे हें विचारण्यास हा ग्रंथ शिकवितो. विचारण्याचें काम मात्र वाचकावर सोडतो.