सफरचंद चिरून दाखवा

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा ऐकायलाही थरारक आहे. स्वतः घडवलेल्या सुऱ्याने इंचभर जाडीचा लोंबता दोर एका फटक्यात तोडायचा. मग 'दोन बाय चार'ची लाकडी फळी दोनदा छाटायची आणि त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून नव्वद अंशांत वाकवायचं. मोडलं की नापास. ही सोसायटी १९७६ मध्ये बिल मोरान यांनी काढली. विसरल्यासारखं झालेलं दमास्कस पोलाद त्यांनीच १९७३ मध्ये अमेरिकी कारागिरांपुढे आणून ठेवलं होतं. परीक्षेबद्दल मला आदर आहे. पण ती हातभर सुऱ्याची परीक्षा आहे. खिशात किंवा कमरेला रोज बाळगायची, तीन इंच पात्याची, न मिटणारी सुरी तिथे कुठेच बसत नाही. २०१५ पासून टीव्हीवर गाजलेल्या 'फोर्ज्ड इन फायर'लाही ओढ तलवारींचीच.

खरं तर सुरी घडवण्याच्या कलेचं आधुनिक घराणं कामाच्या सुरीतूनच निघालं. पुढे नामवंत सुरीकार झालेले बॉब लव्हलेस तेव्हा जहाजावर नोकरीला होते. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानात त्यांना रँडल या नावाजलेल्या कारागिराची सुरी हवी होती. काही महिने थांबा, असं उत्तर मिळालं. त्यांनी भंगारातल्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगमधून स्वतःच एक घडवली. आपल्याकडे लोहार ट्रकच्या पाट्याची कोयती करतो, त्याचाच हा भाऊबंद. लव्हलेस यांच्या 'ड्रॉप पॉइंट' सुरीची पाठ टोकाकडे हलकेच उतरते, म्हणून शिकार सोलताना टोक आतड्यात घुसत नाही. आतून मुठीतलं पोलादही मागे निमुळतं होत जातं, त्यामुळे वजन बोटांपाशी येतं. देखणेपण सगळं या हिशेबातून आलेलं. नक्षीचं कौतुक त्यात नव्हतं.

आज अनेक कारागीर हाच आकार आटवून खिशात आणतात: तीन बोटांची मूठ, मुठीला मायकार्टाच्या, म्हणजे राळेत दाबलेल्या कापडाच्या कवड्या, कायडेक्स प्लास्टिकचं किंवा चामड्याचं म्यान. किंमत काहीशे डॉलर. मिटणारा चाकू असताना ही कशाला? बिजागरी नाही, म्हणून खिळखिळी होत नाही. संत्रं सोललं की नळाखाली धरली, झालं. कोकणात कमरेच्या आकडीत कोयती घालून फिरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. कायद्याचं मात्र जपून. कॅलिफोर्नियात मिटलेला चाकू खिशात चालतो, पण न मिटणारी सुरी लपवून नेली तर गुन्हा; कमरेला उघड दिसेल अशी लटकवावी लागते. टेक्सासने २०१७ मध्ये बरीच मोकळीक दिली आणि साडेपाच इंचांहून लांब पात्यांवर काही ठिकाणांपुरती बंदी ठेवली.

पोलादाच्या बाबतीत या सुरीवाल्या मंडळींनी खरोखर मजल मारली आहे. २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने रचलेलं मॅग्नाकट बाजारात आलं. ते गंजत नाही, तरी चिवट राहतं आणि धारही टिकवतं. एरवी या तिन्ही गोष्टी एका पोलादात सहसा नांदत नाहीत. ते बनवणाऱ्या सिराक्यूसच्या क्रूसिबल कंपनीने २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा सुरीवाल्यांच्या जगात सुतकच पडलं. पण याच पोलादाने एक खोडही लावली. गिऱ्हाईक आधी पोलादाचं नाव विचारतं, मग कडकपणाचा आकडा. धारेच्या मागे पातं किती जाड आहे, हे फार थोडे विचारतात. कापते ती तर तीच जागा.

माझ्याकडची सुरी अशीच. उत्तम पोलाद, नेमकं पाणी दिलेलं, पाठीला साडेचार मिलिमीटर जाड. केस भादरायची. सफरचंदात घातली की पाव इंचापर्यंत गोडीत जायची आणि मग फळ कडकन तडकायचं. पाचरीने लाकूड फोडावं तसं! बनवणाऱ्याला मी विचारलं, तर म्हणाला, जाड ठेवली नाही तर लोक तिने डबे उचकटतात आणि मोडली म्हणून परत पाठवतात. म्हणजे जे काम तिचं नव्हे, त्याच्या भीतीने तिचं स्वतःचं काम बिघडवलेलं. काचेच्या कपाटात हा दोष दिसत नाही. तिथे मुठीच्या लाकडाचे रेषे दिसतात, पात्याची झळाळी दिसते.

चांगले कारागीर आहेत. ते पातं अडीच मिलिमीटरवर आणतात, धारेकडे जवळजवळ कागद करून टाकतात आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतात की हिने उचकटायचं नाही. त्यांच्या सुऱ्या फोटोत साध्या दिसतात.

तीन रविवार बसून मी माझी सुरी दगडावर उतरवली. पाण्यासारखी झळाळी गेली, दोन्ही अंगांना ओरखडे उमटले. आता बायको ती ओट्यावरच ठेवते, आणि खिशात काही न घेताच मी बाहेर पडतो.