‘मॅक्बेथ’मधील तिघी : चेटकिणी की नियती?

शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’चे रूपांतर करू पाहणाऱ्यापुढे पहिला बिकट प्रश्न उभा राहतो तो नायकाचा नव्हे, तर ओसाड माळावर भेटणाऱ्या त्या तिघींचा. त्यांना म्हणावयाचे काय? मराठीत ‘चेटकिणी’ हा शब्द रूढ झाला आहे. परंतु तो कितपत यथार्थ आहे, याचा विचार व्हावयास हवा.

मूळ संवादांत त्यांच्यापैकी एकीला चेटकीण म्हणून एकदाच हिणविले जाते, आणि तेही एका खलाशाच्या बायकोकडून. त्या स्वतःस जे विशेषण लावतात त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतील नियतिवाचक शब्द आहे. त्या अर्थाने आपल्याकडील त्यांची जवळची आप्त म्हणजे षष्ठीच्या रात्री बालकाच्या ललाटी लेख लिहिणारी सटवाई होय.

तथापि हे दोन्ही शब्द नाटकाचा तोल बिघडवितात. चेटकीण म्हटले की मॅक्बेथ चेटुकाचा बळी ठरतो. सटवाई म्हटले की ललाटलेखाचा. उभयपक्षी तो निर्दोष सुटतो, आणि मग शोकांतिकेऐवजी नुसती करुण कहाणी शिल्लक राहते. वस्तुतः या तिघी डंकनच्या वधाविषयी चकार शब्द काढीत नाहीत. राजपद मिळेल, एवढेच त्या सांगतात. खुनाचे चित्र उमटते ते मॅक्बेथच्या मनात. त्याच माळावर बँकोही आपले भविष्य ऐकतो, पण राजाच्या जिवावर उठत नाही. चौथ्या अंकात तर मॅक्बेथ आपण होऊन त्यांना शोधीत जातो.

शिरवाडकरांनी १९५४ साली आपल्या रूपांतरास ‘राजमुकुट’ हे नाव दिले. तेथे भर पडला तो अभिलाषेच्या विषयावर. बंगळूरला ‘बेनका’ ही नाट्यसंस्था उभारणाऱ्या बी. व्ही. कारंतांनी १९७९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळाकरिता रघुवीर सहाय यांचा हिंदी अनुवाद यक्षगानाच्या वळणाने बसविला, तो ‘बरनम वन’ या नावाने. हे नाव मार्मिक आहे. अरण्य चालून येईल हे भाकीत खरे ठरते, ते सैनिकांनी फांद्या तोडून हाती धरल्यामुळे. वाणी अलौकिक, पण ती सिद्धीस जाते मानवी हातांनी.

यक्षगानातील ‘बण्णद वेष’ काय किंवा कोकणच्या दशावतारातील संकासुर काय, आपल्या लोकरंगभूमीला अमानुष पात्रांचे वावडे कधीच नव्हते. मात्र तेथील असुर प्रवेश करताच असुर म्हणून ओळखू येतो. ‘मॅक्बेथ’मधील तिघी कोण, हे बँकोला त्यांच्या दाढ्या पाहूनही उमगत नाही. लोकनाट्याचे रूप घेताना ही संदिग्धता राखणे, हीच दिग्दर्शकाची खरी कसोटी.

या शब्दनिवडीला एक सामाजिक बाजूही आहे. १६०४ च्या इंग्लंडातील कायदा चेटकीण ठरलेल्या स्त्रीला मृत्युदंड देत होता; महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन कुणाचा छळ करणे हाच गुन्हा ठरविला. सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांना छळल्याचे आपण जाणतो. पुरुषाच्या पापाचा भार माळावरच्या बायकांवर टाकणारे रूपांतर त्याच वृत्तीला कळत-नकळत हातभार लावते. म्हणून त्यांना नुसते ‘त्या तिघी’ म्हणणेच मला अधिक उचित वाटते. नाव न दिल्याने त्यांचे गूढ कायम राहते, आणि खुनाचा दोष मॅक्बेथच्याच माथी राहतो.