‘स्थळ’ : समोरच्या गादीवरून

‘स्थळ’ मी मार्च २०२५ मध्ये पुण्यात पाहिला, रिलीज झाल्यावर लगेच. पडद्यावर आमच्याकडची बोली सुरू झाली की मागच्या रांगेत हशा पिकायचा. पुण्यात वऱ्हाडी ऐकलं की लोक आधी हसून घेतात, मग अर्थ लावतात. मी मूळचा चंद्रपूरचा. ऑफिसात सात वर्षं प्रमाण मराठी बोलून काढली आहेत, त्यामुळे हे हसणं ओळखीचं आहे. पण त्या दिवशी मला अवघडायला झालं ते बोलीमुळे नाही. पडद्यावरच्या खोलीत मी बसून आलो होतो.

जयंत दिगंबर सोमलकरांचा हा सिनेमा चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो. २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. कलाकार बहुतेक गावातलेच, कॅमेऱ्यासमोर नवखे. सविता (नंदिनी चिकटे) कॉलेजात शिकते, तिला एमपीएससी द्यायची आहे. वडील कापूस पिकवतात. कापसाचा भाव पडतो, आणि हुंड्याचा आकडा काही त्याबरोबर खाली येत नाही. घरी पाहुणे येत राहतात. पुरुषांनी भरलेली खोली, मधोमध सविता, आणि तेच प्रश्न : नाव, शिक्षण, उंची, छंद. सुरुवातीलाच एक स्वप्न आहे. त्यात बायका मुलगा पाहायला येतात आणि बिचारा मुलगा उत्तरं देतो. थिएटर खदखदून हसतं. मग सविता जागी होते आणि पुढचा सगळा सिनेमा तेच दृश्य सरळ करून परत परत दाखवतो.

या सिनेमावर बहुतेकांनी हुंडा आणि रंग या अंगाने लिहिलं. ते बरोबरच आहे. मला मात्र वाटतं की ही एका मुलीची जवळीक शोधायची गोष्ट आहे, आणि दिग्दर्शकाने ती जवळजवळ लपवून ठेवली आहे. सविताला समाजशास्त्राचे सर आवडतात. ते वर्गात स्त्री सक्षमीकरण शिकवतात, ती ऐकते, आणि मध्ये थोडं बघणं होतं. तेवढंच. सरांचं पुढे काय होतं ते सांगत नाही, पण त्यांचा दुटप्पीपणा मला फार लांबून दिसला. पटकथेचा हा सगळ्यांत कच्चा भाग.

एक वर्ष आधी आलेल्या पायल कपाडियाच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’मधली अनु आठवते. त्या सिनेमाला २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळालं. मुंबईत नर्स असलेली अनु प्रियकराबरोबर एकांत मिळावा म्हणून धडपडते, त्याच्या घरी जाता यावं म्हणून बुरखाही विकत घेते. शेवटी तिला एकांत मिळतो तो रत्नागिरीकडे, झाडीत. आता झाडी तर आमच्याकडे भरपूर आहे, अख्खा झाडीपट्टी म्हणून मुलूखच आहे. पण जंगलात वाघ असतात, आणि वाघाहून वाईट म्हणजे सरपणाला आलेली ओळखीची काकू. भामरागड-एटापल्लीकडे माडियांच्या गावात तरुण पोरापोरींना जमायला गोटुल असतं. त्याबद्दल बाहेरच्यांनी फार चवीने लिहून ठेवलंय, ते सोडा. पण तरुणांना एक जागा लागते हे तरी तिथे गावाने मान्य केलेलं आहे. सविताच्या घरी एकच बैठकीची खोली आहे आणि ती पाहुण्यांसाठी. मराठीत स्थळ म्हणजे जागाही आणि लग्नाचा प्रस्तावही. सिनेमात दुसरा अर्थ पहिल्याला पूर्ण गिळून बसला आहे.

माझी तक्रार आधी अशी होती : सविताला काय नको ते कळतं, काय हवं ते कळत नाही. परीक्षा हवी, ठीक, पण माणूस? स्पर्श? ती एकटी असताना कसला विचार करते? एवढा धीट सिनेमा इथे का लाजतो?

ही तक्रार अर्धी मागे घेतो, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी गडचिरोलीकडच्या एका गावात आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो. नवरदेव मीच. सहा पुरुष, गादीवर. प्रश्न काकाजींनी विचारले, उंचीचाही. मी पोहे खात होतो. मग कोणीतरी उदार होऊन म्हणालं, पोरापोरीले बोलू द्या. आम्हाला मागच्या अंगणात पाठवलं, सोबत तिचा सहा वर्षांचा भाचा. मी विचारलं, छंद काय? आत हे विचारून झालं होतं. ती म्हणाली, ‘पोहे मी नाही केले, वहिनीने केले. सांगून ठेवते.’ आणि हसली. मला ती आवडली. भाचा आमच्याकडे बघत होता. चार मिनिटांत आतून हाक आली.

तिला काय हवं होतं हे मलाही कळलं नाही, आणि मी तर समोर उभा होतो. आठवड्याने घरच्यांनी फोनवर नकार कळवला. कारण उंची. मी नाही म्हणालो नाही. डेडलाइन होती, मीटिंग होती, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं.

म्हणून सोमलकरांचा कॅमेरा सविताच्या मनात शिरत नाही, समोरच्या गादीवरच बसून राहतो, हे आता मला लाजणं वाटत नाही. तिथून जेवढं दिसतं तेवढंच तो दाखवतो. तारानाथ खिरटकरांनी उभा केलेला बाप प्रत्येक नकारानंतर आणखी थोडा वाकतो. त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं, आणि वाटू नये असंही वाटलं. पाहण्याचे प्रसंग मात्र एकदोन कमी चालले असते. तिसऱ्या वेळेला प्रेक्षकाला प्रश्न पाठ झालेले असतात. माझ्या शेजारची मुलगी तर पुटपुटत होती, पाहुण्यांच्या आधी.

बाहेर पडल्यावर फोन सुरू केला. आईने व्हॉट्सॲपवर नवा बायोडेटा पाठवला होता. नाव, जन्मतारीख, तिसऱ्या ओळीत उंची. खाली आईचा प्रश्न, ‘रविवारी जमते का?’ निळ्या टिका गेल्या आहेत. आज बुधवार.