दासबोधातील मृत्युविचार

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांच्या वर्णनानंतर ‘मृत्यनिरूपण’ हा नववा समास येतो आणि त्यापाठोपाठ वैराग्यनिरूपणाचा दहावा. या क्रमामुळे समर्थ रामदासांचा मृत्युविचार केवळ विरक्तीकडे नेणारा आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो अपुरा होय.

प्रथम या समासाची रचना पाहावी. शूर, धनाढ्य, भूपती, पंडित, योगी अशी नामावळी एकाच नकारार्थी शब्दप्रयोगाच्या आवृत्तीने पुढे सरकते. मृत्यू यांपैकी कोणाचीच भीड धरीत नाही. काव्यदृष्ट्या ही पुनरुक्ती कोणी सदोष ठरवील. तथापि तिचे कार्य निराळे आहे. इतरांचे मरण ऐकता ऐकता श्रोता नकळत स्वतःच्या वर्गाची वाट पाहू लागतो. पंडिताचा उल्लेख येताच अभ्यासकालाही तटस्थ राहता येत नाही.

समासाच्या अखेरीस आत्मज्ञानी तेवढे उरले, असे समर्थ सांगतात. मग जो अद्याप ज्ञानी नाही, त्याने आजचा दिवस कसा घालवावा? याचे उत्तर ११व्या दशकातील ‘सिकवणनिरूपण’ या तिसऱ्या समासात मिळते. नरदेहाच्या दुर्लभतेपासून आरंभ करून तो समास प्रातःकाळच्या पाठांतरापर्यंत येतो आणि क्षणही रिकामा न दवडणे हे भाग्यवंताचे लक्षण ठरवितो. हे दोन्ही समास एकत्र वाचल्यास मृत्यूचे स्मरण हे प्रपंचातून पळ काढण्याचे निमित्त न राहता नित्याच्या आचरणाची शिस्त बनते. समर्थांच्या प्रयत्नवादाचे मूळ शोधताना म्हणूनच मृत्यनिरूपण वगळून चालणार नाही.