‘असे ठरले’ : स्वयंसेवी संस्थांच्या इतिवृत्तातील कर्त्याचा लोप

स्वयंसेवी संस्थांच्या कारभाराविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा निष्ठा, त्याग आणि पैसा या तीन शब्दांभोवती फिरते. संस्था मोडली की निष्ठा आटली असे निदान होते. टिकली की संस्थापकाच्या त्यागाकडे श्रेय जाते. या निदानात संस्थेचा सर्वांत बोलका पुरावा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे तिचे इतिवृत्त, व्यवहारात जिला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात ती वही. या वहीतील गद्याची चिकित्सा कोणी फारशी केलेली दिसत नाही. वस्तुतः संस्थेच्या दुबळेपणाचे एक मूळ तेथील क्रियापदांतच असते.

अशा चिकित्सेचा विचार धुळ्याच्या संदर्भात विशेष उचित ठरतो. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने समर्थ संप्रदायाचे वाङ्मय येथेच जमविले. वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. पण पुढे मतभेद होऊन ते त्यापासून दूर गेले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. लगेच जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या स्नेह्यांनी येथे राजवाडे संशोधन मंडळ काढले. म्हणजे पुण्याचे मंडळ संस्थापक दूर गेल्यावरही चालले, आणि धुळ्याचे मंडळ ज्याच्या नावाने निघाले तो स्थापनेच्या वेळी हयातच नव्हता. तरीही त्याचे समग्र साहित्य गतशतकाच्या अखेरीस तेरा खंडांत प्रसिद्ध करण्याइतके बळ या मंडळात होते. थोर पुरुषाच्या सान्निध्यावर संस्था जगते, या समजुतीला ही दोन उदाहरणे पुरेसे उत्तर देतात. दप्तरे उन्हात घालणारी, याद्या करणारी, वर्गणीदारांस पत्रे लिहिणारी माणसे मागे असावी लागतात.

राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न प्रामाण्याचा होता. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेले पत्र अधिक विश्वसनीय, हा त्यांचा दंडक. तोच दंडक संस्थांना लावला, तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिका ही बखर आणि इतिवृत्त हे अस्सल पत्र ठरते. परंतु हे अस्सल पत्र वाचावयास घेतले की अडचण उभी राहते. पेशवाईतील पत्रात कोणी कोणास काय लिहिले आणि कोणावर काय सोपविले, हे बहुधा कळते. इतिवृत्तात मात्र ‘ग्रंथालयाची फेरमांडणी करण्यात यावी असे ठरले’, एवढेच असते.

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पाहण्यासारखे आहे. ‘ठरणे’ हे अकर्मक क्रियापद. पाऊस पडतो तसा निर्णय ठरतो. त्याला ठरविणारा लागत नाही. ‘करण्यात यावी’ या रचनेत तर कर्ता आणावयाचा झाला तरी तो ‘अमक्याकडून’ असा ओढून आणावा लागतो, आणि सहसा कोणी आणत नाही. दोन क्रियापदे आणि कर्ता एकही नाही. याचा दोष विद्यार्थी अनेकदा कर्मणि प्रयोगावर ढकलतात, तो अन्याय आहे. मराठीचा कर्मणि प्रयोग कर्त्यास झाकीत नाही. ‘चिटणीसांनी यादी केली’ येथे कर्ता तृतीयेत, पण ठसठशीत उभा आहे. लोप होतो तो ‘ठरविले’ऐवजी ‘ठरले’ लिहिल्याने आणि ‘करावी’ऐवजी ‘करण्यात यावी’ लिहिल्याने.

ही भाषा कचेरीतून आली. कचेरीत ती चालते, कारण तेथे वाक्यात नसलेला कर्ता हुद्द्यांच्या उतरंडीत असतो. ‘तपासणी करण्यात यावी’ असा शेरा खाली उतरत उतरत नेमक्या कारकुनाच्या मेजावर येतो. त्याला त्याचे वेतन मिळते. मानद कार्यकर्त्यांच्या संस्थेत ना वेतन, ना उतरंड. ‘चिटणीस’ हा शब्द दरबारातून आला, पण त्यामागचा अधिकार आला नाही. तेथे तोच शेरा वहीत पडून राहतो आणि पुढील सभेत ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ या वाक्याखाली कायमचा गाडला जातो.

या भाषेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. देवपूर ही धुळ्याची पांझरेपलीकडील वस्ती. शाळा-महाविद्यालयांनी गजबजलेली, परस्परांच्या लग्नकार्यात पंगतीला बसणाऱ्या कुटुंबांची. अशा गावात कोणी विरोध केला, कोणाचे मत पडले, हे वहीत न लिहिणे हा शिष्टाचार आहे, आणि तो पुष्कळ संबंध वाचवितो. उलट बाजूस टिळकांचे उदाहरण आहे. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडताना त्यांनी कारणांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात कर्ता कोठेही लपलेला नाही. इतिहासकाराला ते अमोल, पण प्रत्येक गावच्या प्रत्येक मंडळाने तो मार्ग धरावा असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा निर्णय अकर्तृक राहण्यास हरकत नाही; अंमलबजावणी अकर्तृक राहता कामा नये. ‘असे ठरले’ लिहावे, परंतु पुढे ‘हे काम अमुक यांनी माघी पौर्णिमेपूर्वी करण्याचे स्वीकारले’ हेही लिहावे. ‘स्वीकारले’ हे क्रियापद येथे महत्त्वाचे, कारण स्वयंसेवकावर काम लादता येत नाही. ते घेतल्याचे त्याच्याच तोंडून यावे लागते. अध्यक्षाचे खरे कौशल्य भाषणात नसून, ठराव लिहिला जाण्यापूर्वी क्षणभर थांबून हे क्रियापद कोणाकडून तरी मिळविण्यात आहे. कामातून मोकळे होऊ इच्छिणाऱ्याचीही नोंद तितक्याच सन्मानाने व्हावी. नाही तर तो राजीनामा न देता नुसता येईनासा होतो.

कायदा या बाबतीत अर्धेच साहाय्य करतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ अन्वये विश्वस्तांत बदल झाल्यास ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. त्यातून जुने विश्वस्त कोण व नवे कोण, हे समजते. ग्रंथालयाची यादी कोणी अर्धी केली आणि ती आता कोणाच्या घरी आहे, हे समजण्यासाठी मात्र संस्थेची वहीच पाहावी लागते. खानदेशातील जुन्या संस्थांच्या अशा वह्या जेथे पाहावयास मिळतील, तेथे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने दशकवार ‘ठरले’ आणि ‘स्वीकारले’ यांची मोजणी करून, तडीस गेलेल्या कामांशी ती ताडून पाहावी. ज्ञानेश्वरीचे व्याकरण आणि पानिपतकालीन पत्रे एकाच हाताने हाताळणाऱ्या राजवाडे यांना हे काम परके वाटले नसते.